रिपोर्ट इंग्रजीत, मीटिंग इंग्रजीत, सही मात्र आईची

प्रश्न थोडक्यात असा आहे. हडपसरच्या एका ताईंचा मुलगा दुसरीत आहे, वय ७, आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्लिश मिडियमला नंबर लागला. शाळेने असेसमेंट करून आणायला सांगितलं, ते केलं, १४ पानांचा रिपोर्ट आला तो सगळा इंग्रजी. त्यात एलडी का कायसं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण) लिहिलंय असं टीचर म्हणाल्या. आता शनिवारी मीटिंगला बोलावलंय आणि एका इंग्रजी कागदावर सही मागितलीय. ताई पोळीभाजीच्या ऑर्डरी घेतात, मिस्टर टेम्पोवर असतात. त्यांचं विचारणं असं की सही नाही केली तर पोराला काढतील का, आणि हे सगळं मराठीत मागायचा आम्हाला हक्क आहे का.

ताई, आधी सहीचं बोलू. आत्ता करू नका. भांडायचं नाही, नकारही द्यायचा नाही, फक्त "कागद घरी नेते, वाचून घेते, सोमवारी देते" एवढं बोलायचं आणि झेरॉक्स मागायची. याला खरं तर कुणी नाही म्हणायचं कारण नाही, आणि म्हणालेच तर समजायचं की कागदात बघण्यासारखं काहीतरी आहे. मी २२ वर्षं स्पेशल एज्युकेटर आहे, आधी स्पेशल शाळेत आणि नंतर साध्या शाळांच्या रिसोर्स रूममध्ये (अडचण असलेल्या मुलांना बाजूला घेऊन शिकवायची खोली), त्यामुळे असे कागद मी नुसते बघितले नाहीत, लिहिलेही आहेत. बहुतेक वेळा ती साधी संमती असते, की मुलाला आठवड्यातून अमुक तास बाजूला घेऊन शिकवायला तुमची हरकत नाही. पण कधी कधी त्यातच घातलेलं असतं की शॅडो टीचरचा (वर्गात त्या एका मुलाशेजारी बसून मदत करणाऱ्या टीचरचा) पगार पालक देतील, किंवा वर्षभरात सुधारणा दिसली नाही तर पालक स्वतःहून दाखला काढून नेतील. हे "स्वतःहून" वाचल्याशिवाय सही करायची नाही.

कारण काढून टाकणं शाळेच्या हातात नाही. आरटीई कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि त्यात सरळ लिहिलंय की शाळेत घेतलेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. मधे पाचवी-आठवीला नापास करायचे नियम बदलले, त्यावरून लोक गोंधळतात, पण काढून टाकायला बंदी आहे ती तशीच आहे. म्हणून तर शाळा काढत नाहीत, पालकाकडून अर्ज घेतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वेगळा. त्यात ४० टक्के किंवा वरच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ पर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, आणि यातलं कुठलं ते शाळेने ठरवायचं नसतं.

आता मराठीचा हक्क. इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. सरकारी ऑफिसात मराठी चालते असं नाही, चाललीच पाहिजे, राज्याचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे. महापालिकेच्या शिक्षण विभागात, दिव्यांग कल्याण आयुक्तालयात (ते आपल्या पुण्यातच आहे, हे किती पालकांना माहीत नसतं) तुम्ही बिनधास्त मराठीत अर्ज द्या आणि पोच घ्या. पण खाजगी इंग्लिश मिडियम शाळेने पालकाला रिपोर्ट मराठीत दिलाच पाहिजे असं बोट ठेवून दाखवता येईल असं कलम आपल्याकडे नाही. आरटीईत मातृभाषेचा उल्लेख आहे, पण तो मूल कुठल्या भाषेत शिकतं त्याबद्दल, आणि तोही "शक्य तितपत" अशा शब्दांत.

गंमत बघा, तुमच्या मीटिंगमध्ये "आयईपी आयईपी" म्हणतील ना, म्हणजे त्या एका मुलासाठी वर्षभराचा वेगळा आराखडा, ती पद्धतच मुळात अमेरिकेतून आली. तिथे १९७५ च्या कायद्यापासून आयईपी आहे, आणि तिथल्या नियमात असंही आहे की मीटिंगमध्ये काय चाललंय ते पालकाला समजेल याची व्यवस्था शाळेने करायची, इंग्रजी येत नसेल किंवा पालक कर्णबधिर असेल तर इंटरप्रिटर शाळेनेच आणायचा. तिथेही सगळीकडे नीट होतं असं नाही, पण नियम तरी आहे. आपण आयईपीचा फॉर्म उचलला, रकाने उचलले, आणि इंटरप्रिटरवालं पान तिकडेच राहिलं.

तरीही मागायचं. कायद्यात बोट ठेवायला जागा नसली तरी मागितल्यावर निम्म्या शाळा देतात हा माझा अनुभव आहे, कारण बऱ्याचदा कुणी मागितलेलंच नसतं आणि शाळेच्या डोक्यातच आलेलं नसतं. आमच्याही नव्हतं.

एक मीटिंग सांगते. कोथरूडकडची एक शाळा, नाव नको. मी तेव्हा तिथे व्हिजिटिंग होते. मुलगी चौथीत, आई चार घरी कामाला. टेबलाच्या एका बाजूला हेडमिस्ट्रेस, कौन्सेलर, क्लास टीचर आणि मी, समोर आई एकटी, आणि तिला समजावं म्हणून शाळेतल्या मावशींना दारापाशी स्टुलावर बसवलेलं. ४० मिनिटं आम्ही बोललो. गणित कमी करायचं, रोज दोन तास रिसोर्स रूम, पुढच्या वर्षी मुलगी वर्गाबरोबर जाईलच असं नाही, पुढेमागे ओपन स्कूलचा (घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा द्यायची) विचार करावा. सगळं इंग्रजीत, चांगलं गोड इंग्रजी. मग हेडमिस्ट्रेसनी मावशींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, जरा सांगा त्यांना." मावशींनी एकच वाक्य सांगितलं, "बाई म्हणतायत पोरीचं बरं चाललंय, घरी पण जरा लक्ष द्या." आईने मान हलवली, हात जोडले, सही केली. मला मराठी येतं. मी तिथे बसले होते. आणि मी काही बोलले नाही, कारण पुढची मीटिंग होती आणि उशीर झाला होता. जूनमध्ये ती बाई शाळेच्या ऑफिससमोर उभी राहून ओरडली की माझ्या पोरीला परत चौथीत का बसवलं, तेव्हा तिला सही दाखवली गेली. मावशींची यात काही चूक नाही, त्यांना जेवढं समजलं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि वाईट बातमी आपल्या तोंडून कशाला म्हणून ती मऊ केली. आपल्यातलं माणूस असंच करतं.

म्हणून शनिवारी कुणाला बरोबर न्यायचं ते आत्ताच ठरवा. ज्याला दोन्ही भाषा येतात आणि जो मऊ करून सांगणार नाही असा माणूस. नात्यातला कॉलेजचा मुलगा चालेल, तुम्ही डबा देता त्यातल्या कुणी बँकवाल्या ताई असतील तर अजून उत्तम. मोठ्या मुलीला नेऊ नका, अकरा-बारा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या भावाबद्दल "हा कधीच बाकीच्यांसारखा वाचणार नाही" हे इंग्रजीतून ऐकून आईला मराठीत सांगायला लावायचं, हे मी बघितलंय आणि ती पोर मधेच गप्प झाली होती. मीटिंग सुरू व्हायच्या आधीच सांगा की दोन-तीन वाक्यं बोलून थांबा, यांना मला सांगू द्या, मग पुढे चला. शेवटी एकदम नाही सांगायचं. लाज वाटेल, वेळ जातोय असं वाटेल, जाऊ दे वेळ. टीचरपैकी दोघींना तरी मराठी येत असणारच, पुण्यातच राहतात त्या. नुसतं "मॅडम, मराठीत बोललात तर मला कळेल" म्हणून बघा, कितीदा तर एवढ्यानेच काम होतं.

आता तो १४ पानी रिपोर्ट. सगळा वाचायची गरज नाही. पहिल्या पानावर मुलाचं नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख बरोबर आहे का बघा, चुकते हो, दुसऱ्या मुलाचा मजकूर कॉपी झालेला मी बघितलाय. मग एकदम शेवटची दोन पानं घ्या, तिथे निष्कर्ष आणि काय करावं ते असतं, आणि सही करणाऱ्याचा आरसीआय नंबर असतो, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. तो नसेल तर कोणी तपासलं ते विचारा.

मधल्या पानांतले शब्द मात्र धोक्याचे. म्हणजे शब्द अवघड आहेत म्हणून नाही, ओळखीचे वाटतात म्हणून. "डिले" घ्या. डेव्हलपमेंटल डिले. लोक म्हणतात उशीर होतोय, होऊ दे, गाडी लेट आहे पण येईल, याचे काका पण उशिरा बोलायला लागले होते. आणि दोन-तीन वर्षं वाट बघण्यात जातात, तीच थेरपीची खरी वर्षं. "माइल्ड" म्हणजे ताप जसा माइल्ड असतो तसं नाही, चार दिवसांत उतरणारं नाही, फक्त मदत कमी लागेल. "मेंटल एज ४ वर्षं २ महिने" (म्हणजे समज तेवढ्या वयाच्या मुलाइतकी) वाचून एक वडील माझ्याकडे आले होते की मॅडम पोराचं वयच चुकवलंय, सात पूर्ण आहे, आधार कार्ड दाखवत होते. "पुअर आय कॉन्टॅक्ट" (म्हणजे मूल नजरेला नजर देत नाही) वाचून एका आजींनी नातवाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, नंबर निघाला नाही म्हणून खूश झाल्या.

आणि सेन्सरी डाएट. हा मला कधी विसरता येणार नाही. ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, करणाऱ्या मुलीने कागदावर लिहून दिलं, सेन्सरी डाएट, दिवसातून तीन वेळा. आई बिचारी हुशार, दहावी झालेली, डाएट शब्द तिला माहीत होता. तिने पोराचा भात बंद केला, गूळ बंद केला, शेजारणीने सांगितलं म्हणून नाचणीची पेज सकाळ-दुपार-संध्याकाळ. दीड महिन्याने मुलगा वाळून आला, आणि ओटीवाली विचारतेय की झोका, उड्या, अंगावर जड पांघरूण, हे काहीच केलं नाहीत का हो. सेन्सरी डाएटमध्ये खाण्याचा संबंधच नाही, शरीराला दिवसभरात कुठल्या हालचाली आणि स्पर्श द्यायचे त्याचं ते टाइमटेबल असतं. आईला रागावण्यात काय अर्थ, तिने सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं.

बरं, मराठी केलं की सुटलं असंही नाही. आपल्या सरकारी मराठीत ऑक्युपेशनल थेरपीला व्यवसायोपचार म्हणतात. एका वडिलांनी विचारलं, "सात वर्षाच्या पोराला कसला व्यवसाय लावताय?" बरोबर आहे त्यांचं. मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करता येतं आता, अंदाज घ्यायला करा जरूर, पण त्यावर सही करू नका, मी बघितलेल्या एका कागदात फाइन मोटरचं (म्हणजे हाताबोटांच्या बारीक हालचालींचं) "छान मोटर" झालं होतं आणि आईला वाटलं काहीतरी चांगलं लिहिलंय, प्रत्यक्षात पोराला पेन्सिल धरता येत नाही असं ते वाक्य होतं. समजलं की नाही हे बघायची माझी एक साधी पद्धत आहे, कागद बाजूला ठेवायचा आणि घरी सासूबाईंना सांगायचं की काय लिहिलंय. त्यांना सांगता आलं तर समजलं. अडखळलात तिथे पेन्सिलने खूण करा, शनिवारी तेवढंच विचारा.

आता तुमच्या मुलाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. दुसरीत, वय ७, घरात मराठी, शाळेत इंग्रजी येऊन दोन वर्षं, आणि एलडी लिहून मोकळे झाले? केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांमध्ये शाळेने एलडीची पहिली चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करायची असं आहे, प्रमाणपत्र तर त्याच्या पुढची गोष्ट. त्याआधी काळजी असू शकते, मदत सुरू करता येते आणि करावीच, पण शिक्का मारायची घाई नको. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की टेस्ट कोणत्या भाषेत घेतली. हा प्रश्न लिहून न्या. इंग्रजीत घेतली असेल तर पोराला वाचता येत नाही की इंग्रजी येत नाही हे त्यातून कळणार कसं? मराठीत टेस्ट नाहीत असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. बुद्ध्यांकाची बिने-कामत चाचणी १९३४ पासून मराठी आणि कानडीत आहे, जुनी झाली म्हणून तिच्यावर टीका होते ती वेगळी गोष्ट. वाचन-लेखनाची डाली नावाची चाचणी मराठीतसुद्धा आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीच बनवलेली. पोरगा घरी मराठीत गोष्ट नीट सांगतो का, दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर लक्षात ठेवतो का, सुट्टे पैसे मोजतो का, हे तुम्हाला माहीत आहे, टेस्ट घेणाऱ्याला नाही. ते तुम्ही सांगायचं, मराठीत, आणि त्यांनी लिहून घ्यायचं. पालक मीटिंगला फक्त ऐकायला जातो हा समज आधी डोक्यातून काढा.

पुढे खरंच एलडी निघाली तर त्यात घाबरण्यासारखं नाही, दहावीला बोर्ड सवलती देतं, तासाला २० मिनिटं जास्त वेळ, लेखनिक वगैरे, पण त्याला अजून आठ वर्षं आहेत आणि प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातूनच लागतं, आपल्याकडे ससून, तिथे खेटे पडतात, डबा घेऊन जायचं.

एक अजून, कारण हे तुम्हाला शनिवारी हमखास ऐकवतील. "घरी पण इंग्लिशमध्ये बोला म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही." नाही. अजिबात नाही. हे मी आधी स्वतः सांगायचे, तेव्हा आम्हाला तसंच शिकवलेलं. बिबवेवाडीच्या एका घरी मी ते बघून शहाणी झाले. आईकडे इंग्रजीचे वीस-पंचवीस शब्द, कम, सिट, ईट, नो, शूज. तेवढ्यात ती दिवसभर पोराशी बोलायची. आजोबांना तेही येत नव्हते म्हणून ते नातवाशी बोलायचेच बंद झाले, नुसते डोक्यावरून हात फिरवायचे. त्याआधी त्या घरात अंगाई होती, अडगुलं मडगुलं होतं, भाजी निवडताना बडबड होती, देवाला दिवा लावताना शुभंकरोति होतं. सगळं गेलं आणि त्या बदल्यात आलं काय, तर कम आणि सिट. मुलाला ऑटिझम होता. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझमवाली मुलं बोलण्यात मागे पडतात असं संशोधनात दिसलेलं नाही, उलट घरातल्यांनी त्यांच्या सगळ्यात भरभरून येणाऱ्या भाषेत बोलावं हेच आता सांगितलं जातं. आम्ही त्या घरात परत मराठी सुरू केली. मुलगा लगेच बोलायला लागला असं काही नाही, सहा-सात महिन्यांनी त्याचा पहिला शब्द आला तो "आजा", आणि आजोबा तो महिनाभर गल्लीत सांगत होते.

तुम्हाला निदान मराठी बोलणारं कुणीतरी पुण्यात भेटेल. वाघोलीच्या एका साइटवर कलबुर्गीकडची एक आई होती, तिला फक्त कानडी, मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही ती), आणि तिथे मी होते ती न समजणाऱ्या भाषेत बोलणारी बाई. मुकादमाच्या बायकोला मधे घेतलं, बोलण्यापेक्षा करून दाखवलं, पाय असा धर, उशी इथे ठेव, मग तिला करायला लावलं. तिने केलेलं बघून मला कळलं की माझ्या सांगण्यातलं निम्मं तिला उलटं पोचलं होतं. तेव्हापासून मी मराठी आईलाही "कळलं का" असं विचारत नाही, "हो" च उत्तर येतं त्याला. "करून दाखवा" म्हणते, नाहीतर "मिस्टरांना काय सांगाल आता घरी गेल्यावर" असं विचारते. शनिवारी त्यांनी नाही विचारलं तर तुम्हीच म्हणा, "मॅडम, मला काय समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा." आणि बोला. ठरलेलं सगळं, आठवड्यातून किती तास, कोण शिकवणार, पैसे कोण देणार, पुन्हा कधी भेटायचं, हे चार-पाच ओळी मराठीत लिहून त्याखाली टीचरची सही आणि तारीख घ्या. तुम्हीच लिहा, शाळेच्या वहीत नाही, तुमच्या वहीत. पानाचा फोटो काढून ठेवा.

आणि सोमवारी सही करायची ठरलीच, कागद वाचून घेतला आणि पटला, तर मराठीतच करा, इंग्रजीत नाव गिरवत बसू नका. सहीच्या वर एक ओळ लिहा, "वरील इंग्रजी मजकूर मला अमुक यांनी अमुक तारखेला मराठीत समजावून सांगितला." नाव खरं टाका. समजावला नसेल तर तेही तसंच लिहा, "समजावून सांगितलेला नाही, फक्त कागद मिळाला म्हणून सही." ही ओळ बघितली की बहुतेक ठिकाणी कुणीतरी खुर्ची ओढून बसतं आणि समजावायला लागतं.